रॅम बसवायला दहा मिनिटं, निवडायला मात्र वेळ द्या

प्रश्न थोडक्यात असा आलाय. एक ताई कोल्हापूरच्या शाहूपुरीत घरूनच टॅलीची आणि जीएसटीची कामं करतात. त्यांच्याकडं सेकंडहँड घेतलेलं डेलचं ऑप्टिप्लेक्स ३०६० मायक्रो आहे, आय५-८५००टी प्रोसेसर, ४ जीबीची एकच रॅम (चालू कामं मांडून ठेवायची मेमरी), ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ११. टॅली, एक्सेल आणि क्रोममध्ये पोर्टलचे आठ-दहा टॅब उघडले की मशीन गुडघे टेकतं. दुकानात विचारलं तर एवढ्या छोट्या डब्यात रॅम वाढत नसते, नवीन घ्या असं सांगितलं. टास्क मॅनेजरचा (रॅम, डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) फोटो पाठवलाय आणि विचारलंय की रॅम वाढते का, स्वतः बसवली तर चालेल का, ८ घेऊ का १६, आणि जुनी स्टिक, म्हणजे आत्ताची रॅमची पट्टी, ठेवायची का काढायची.

ताई, रॅम वाढते. तुमच्या मॉडेलला दोन स्लॉट (रॅम बसवायच्या जागा) आहेत, एकात ४ ची स्टिक आहे आणि दुसरा मोकळा आहे, आणि कंपनी स्वतः ३२ जीबीपर्यंत चालते म्हणून सांगते. नवीन मशीन घ्यायचं काही कारण नाही. ८५००टी हा सहा कोरचा प्रोसेसर आहे, टॅली-एक्सेलला तो भरपूर झाला, फक्त त्याला काम मांडायला जागाच दिलेली नाही कुणी. अशी मशीन कंपन्यांच्या लीजवरनं परत येतात, त्यातली मूळची रॅम काढून ४ ची घालून विकायची पद्धत बाजारात लई आहे, त्यामुळं मशीन चांगलं असूनही माणसाला वाटतं की आपण फसलो.

आता तुमचा तो फोटो. त्यात तीन आकडे महत्त्वाचे आहेत. 'इन यूज' ३.६ आहे, ते सगळे बघतात. त्याच्या खाली 'कमिटेड' आहे, तिथं ८.२/१०.१ दिसतंय, आणि खरं बोलणारा आकडा हा आहे. पहिला आकडा म्हणजे चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून विंडोजकडनं कबूल करून घेतलेली मेमरी, आणि दुसरा म्हणजे रॅम अधिक हार्ड डिस्कवरची पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा) मिळून विंडोज जास्तीत जास्त किती देऊ शकतं ते. तुमच्याकडं खरी रॅम ४ आणि कबुली ८.२ ची, म्हणजे उरलेल्याची सोय डिस्कवर. (कबूल केलेली सगळीच वापरात असते असं नाही, पण दुपटीचा फरक असला की समजून जायचं.) तिसरं म्हणजे डिस्क १०० टक्के. टॅलीतनं क्रोमवर गेलं की क्रोमची पानं डिस्कवरनं परत रॅममध्ये आणायची, त्यासाठी टॅलीची बाहेर टाकायची, परत टॅलीत आलं की उलटं, आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कला हे जमत नाही, ती रॅमच्या मानानं हजारो पटीनं हळू असते. तुम्ही म्हणताय ना की माऊस हलतो पण क्लिक लागत नाही, ते ह्याच्यामुळंच.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण रॅम वाढवा हा सल्ला कुणीही देतो, पण ज्याला गरजच नाही तोही पैसे घालून बसतो. कमिटेडचा पहिला आकडा दिवसभराच्या कामात तुमच्या रॅमच्या आतच राहात असेल आणि तरी मशीन हळू असेल तर दुखणं दुसरीकडं आहे, रॅम घालून काही होत नाही. मशीन चालू व्हायला चार मिनिटं लागतात ही तक्रार रॅमची नसते, हार्ड डिस्कची असते, तिथं एसएसडी (फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) लागतो. तुमच्या बाबतीत दोन्ही दुखणी आहेत. पैसे एकाच गोष्टीला असतील तर माझं मत स्पष्ट आहे, ४ जीबीवाल्यानं आधी रॅम घ्यावी, ८ जीबीवाल्यानं आधी एसएसडी घ्यावा. ४ वर एसएसडी घातला तर मशीन फास्ट वाटतं खरं, पण आत अदलाबदल चालूच राहते, फक्त ती आता एसएसडीवर होते.

किती घ्यायची? सगळे म्हणतील ८ च्या दोन घ्या, १६ करा, विषय संपवा. पूर्वी मीही हेच सांगायचो, भाव खाली होते तेव्हा. पण २०२५ च्या शेवटापासनं रॅमचे भाव जोरात चढलेत, एआयच्या डेटा सेंटरांकडं माल वळलाय, त्यामुळं आता गरज बघून घेतलेलं बरं. तुमची कबुली ८.२ ची आहे. मोकळ्या स्लॉटमध्ये ८ ची एक स्टिक घातली की जुनी ४ धरून १२ झाले, म्हणजे वर साडेतीन-पावणेचार शिल्लक. तेवढ्यात तुमचं काम आरामात बसतं. मंथ एंडला जीएसटीआरची (जीएसटी रिटर्नची) गर्दी असते तेव्हा परत एकदा कमिटेड बघा, ११ च्या पुढं जात असेल तर मग ती ४ काढून दुसरी ८ घाला. आज घेतलेली ८ वाया जात नाही. हां, सरळ ८ एकच घालून ४ काढून टाकू नका, बऱ्याच दुकानात तसं करतात आणि जुनी ठेवून घेतात. जुनी स्टिक तुमची आहे, ती मशीनमध्ये राहू द्या.

४ आणि ८ अशी वेगवेगळी चालते का हा पुढचा प्रश्न येणारच. चालते. एकसारख्या दोन स्टिक असल्या की प्रोसेसर दोन्हीकडनं एकाच वेळी वाचतो, त्याला ड्युअल चॅनेल म्हणतात. वेगवेगळ्या असल्या तर इंटेलचे हे प्रोसेसर ४ अधिक ४ एवढा भाग ड्युअल चॅनेलमध्ये चालवतात आणि वरचे ४ सिंगलमध्ये. म्हणजे आत्ताच्या एका स्टिकपेक्षा तर बरंच होणार. आणखी एक फायदा कुणी सांगत नाही. तुमच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, स्क्रीनवरचं चित्रही ह्याच रॅममधनं जातं, त्यामुळं दुसरी स्टिक आली की मोठा मॉनिटर लावल्यावर होणारी ओढाताणही कमी होते. टॅलीला ह्याचा फरक जाणवणार नाही पण मुलं त्याच मशीनवर व्हिडिओ किंवा गेम बघत असतील तर जाणवेल.

आता दुकानात काय मागायचं, कारण खरा घोटाळा इथंच होतो. तुमचं मशीन डेस्कटॉप आहे पण त्याला डेस्कटॉपची रॅम बसत नाही. लॅपटॉपची बसते. मोठ्या सीपीयूतली स्टिक साधारण १३ सेंटिमीटर लांब असते, तुमच्यातली पावणेसात सेंटिमीटर, तिला एसओडीआयएमएम म्हणतात. राजारामपुरीत जा नाहीतर स्टेशन रोडला, तोंडानं 'डेलच्या डेस्कटॉपची रॅम द्या' म्हणालात की लांब स्टिक हातात पडणार. 'लॅपटॉपची डीडीआर४, ८ जीबी, २६६६' असं म्हणा, डीडीआर४ ही रॅमची पिढी आणि २६६६ तिचा स्पीड. आणि शक्य असेल तर जुनी स्टिक काढून सोबत न्या, निदान लेबलचा फोटो तरी न्या.

लेबल वाचायला शिका, अवघड नाही. तुमच्या स्टिकवर बहुतेक '४जीबी १आरएक्स१६ पीसी४-२६६६व्ही' अशा धाटणीचं काहीतरी असेल. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २६६६ हा स्पीड. काही लेबलवर स्पीडच्या जागी २१३०० लिहितात, घाबरायचं नाही, २६६६ ला ८ नं गुणलं की जवळपास तेच येतं, तसंच २४०० म्हणजे १९२०० आणि ३२०० म्हणजे २५६००. १आरएक्स१६ म्हणजे त्या स्टिकवर १६ बिटच्या चार चिप आहेत, ८ जीबीची घेताना १आरएक्स८ मिळाली तर ती घ्या, आठ चिपवाली, थोडी सरस चालते. नाही मिळाली तर अडून बसू नका. ३२०० ची स्टिक मिळाली तरी चालते, ती तुमच्या प्रोसेसरवर २६६६ नंच पळणार, त्याच्या पुढं तो जातच नाही, म्हणून ३२०० ला जास्त पैसे मोजू नका. २४०० ची घातली तर दोन्ही स्टिक २४०० वर येतील, तेही चालून जातं, टॅलीला पत्ताही लागणार नाही.

काय चालत नाही ते नीट लक्षात ठेवा. डीडीआर३ चालत नाही, डीडीआर५ चालत नाही. पिना वेगळ्या आहेत, डीडीआर३ च्या २०४, डीडीआर४ च्या २६०, डीडीआर५ च्या २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी आहे, त्यामुळं चुकीची बसतच नाही, कंपनीनं ती सोय मुद्दाम केलीय. बसत नाही म्हणून जोर लावायचा नाही एवढंच. व्होल्टेजही वेगळं, डीडीआर३ ला १.५ नाहीतर १.३५, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. सर्व्हरमधनं निघालेली स्वस्त रॅम कुणी दाखवली आणि लेबलवर रजिस्टर्ड किंवा ईसीसी (सर्व्हरच्या रॅमचे प्रकार) असलं तर सरळ नाही म्हणायचं.

सेकंडहँड रॅम घ्यावी का? मी म्हणतो घ्यावी. रॅममध्ये फिरणारा भाग नाही, हार्ड डिस्कसारखी ती झिजत नाही, आणि चिप बनवणाऱ्या मुख्य कंपन्या जगात तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, वरचं स्टिकर कुणाचंही असो. लॅपटॉपमधनं निघालेली ह्या तिघांपैकी एकाची ओरिजिनल स्टिक मला अनोळखी ब्रँडच्या नव्या स्टिकपेक्षा जास्त भरवशाची वाटते. पण कोल्हापुरात एक गोष्ट बघूनच घ्यायची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी आपल्या शाहूपुरीतच कुठं कुठं आलं होतं ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हाच्या पाण्यात बसलेल्या मशीनचे पार्ट धुऊन-वाळवून बाजारात फिरतात. स्टिकच्या सोनेरी पट्ट्या उजेडात धरून बघा, एकसारख्या पिवळ्या पाहिजेत. कडेला हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी खपली दिसली, चिपच्या पायापाशी गाळाची रेघ दिसली, तर फुकट दिली तरी घेऊ नका. आणि दोन-चार दिवसांत बदलून देणार का ते आधी ठरवून घ्या, चिठ्ठीवर लिहून घ्या. नवीन घेतली तर पक्कं जीएसटी बिल घ्या, हे तुम्हाला मी काय सांगणार, पण रॅमला वॉरंटी बरीच वर्षं असते आणि ती बिलाशिवाय मिळत नाही.

बसवायचं काम आता. आदल्या दिवशी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या. रॅम बदलून डेटा जात नाही, पण लोकांच्या हिशोबाचं मशीन उघडताय, बॅकअप असल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. विंडोज नीट शटडाऊन करा, स्लीपमध्ये ठेवू नका. अडॅप्टरची पिन मशीनमधनं काढा, नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, माऊस, कीबोर्ड, मॉनिटरची केबल, सगळं काढा. मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो.

मशीन टेबलावर घ्या, गादीवर नाही, गालिच्यावर नाही. पॉलिस्टरची साडी-ड्रेस असला तर त्या दिवशी सुती घाला. पावसाळ्यात आपल्याकडं हवा एवढी दमट असते की स्टॅटिकची भीती कमी, पण डिसेंबर-जानेवारीत कोरड्या हवेत दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो, तो चटका रॅमच्या चिपला बसला तर ती मरू शकते आणि वरनं काहीच दिसत नाही. उपाय साधा, स्टिकला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी मशीनच्या उघड्या पत्र्याला बोट टेकवायचं. मनगटाचा पट्टा मिळाला तर उत्तम, पण एका स्टिकसाठी अडून राहू नका.

मागं एकच मोठा स्क्रू आहे, हातानं फिरतो, घट्ट असला तर स्क्रू ड्रायव्हर लावा. झाकण पुढं सरकवून वर उचला. आत हार्ड डिस्कचा ट्रे आणि पंखा दिसेल. रॅमपर्यंत हात पोचायला काय बाजूला करावं लागतं ते मॉडेलप्रमाणं बदलतं, म्हणून अंदाजानं काही उपसू नका, डब्यावर सर्व्हिस टॅगचं स्टिकर आहे, तो टॅग डेलच्या सपोर्टच्या पानावर टाकला की तुमच्याच मॉडेलचं चित्रांसहित सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळतं, मोबाईलवर उघडून शेजारी ठेवा. प्रत्येक पायरीला एक फोटो काढत चला. केबल काढायची वेळ आली तर तार ओढायची नाही, प्लॅस्टिकच्या कनेक्टरला धरून काढायची. धूळ असेल, आपल्या रस्त्यांवर नसेल कशी, तर मऊ ब्रशनं झाडून घ्या, तोंडानं फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा आत जातो.

नवी स्टिक कडेला धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. खाच स्लॉटमधल्या उंचवट्यासमोर आणा. मग स्टिक तिरकी, साधारण ३० अंशांत, स्लॉटमध्ये घाला आणि पूर्ण आत ढकला. अर्धवट राहण्याचं प्रमाण इथंच सगळ्यात जास्त असतं, लोक थोडी आत गेली की लगेच खाली दाबतात. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत, तेव्हाच पुरेशी आत गेली समजा. मग वरची कड हळूच खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा टिक करून बसतात. दोन्ही बाजूच्या, एकाच नाही. काढायची असेल तर दोन्ही क्लिपा एकाच वेळी बाहेर ताणल्या की स्टिक आपोआप वर उचकते. एवढंच आहे काम, ताकदीचं काहीच नाही.

झाकण लगेच लावू नका. अडॅप्टर, मॉनिटर, कीबोर्ड जोडा आणि चालू करा. पहिल्या वेळी स्क्रीन थोडा वेळ काळी राहील, मशीन एखादवेळ आपणहून बंद होऊन परत चालू होईल, नवीन रॅम ओळखून तिचं टायमिंग बसवणं चालू असतं तेव्हा. घाबरून वायर काढू नका, दोन-तीन मिनिटं द्या. मेमरी बदलली असा मेसेज इंग्रजीत येईल, तो वाचून पुढं जायचं. एफ२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) गेलात तर मेमरीच्या पानावर १२ जीबी दिसलं पाहिजे आणि विंडोजमध्ये टास्क मॅनेजरला 'स्लॉट्स यूज्ड २ ऑफ २'. विंडोजमध्ये पूर्ण १२ न दिसता थोडं कमी दिसेल, तो थोडा वाटा हार्डवेअर आणि ग्राफिक्सनं राखून ठेवलेला असतो, आत्ता ४ चे ३.९ दिसतात तसंच.

चालू झालंच नाही आणि पॉवरचा दिवा पिवळा-पांढरा लुकलुकायला लागला तर दहातल्या नऊ वेळा स्टिक नीट बसलेली नसते. परत पिन काढा, बटण दाबून धरा, स्टिक काढून पुन्हा बसवा. तरी नाही तर नवी एकटी घालून बघा, मग जुनी एकटी, मग स्लॉट बदलून, म्हणजे दोष स्टिकचा का स्लॉटचा ते कळतं. जुन्या स्टिकच्या पट्ट्या काळपट झाल्या असतील तर सगळे खोडरबर घासतात, मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरा म्हणेन, रबरानं सोन्याचा थर घासला जातो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच. लावल्यावर पूर्ण वाळू द्या.

चालू झालं म्हणजे झालं असं समजू नका, विशेषतः सेकंडहँड स्टिक असेल तर. विंडोज बटण आणि आर दाबा, 'एमडीशेड' ह्या नावाचं टूल, इंग्रजीत एम, डी, एस, सी, एच, ई, डी एवढी अक्षरं टाईप करून एंटर, ते मशीन रिस्टार्ट करून रॅम तपासतं. रात्री लावून झोपा. एकही एरर आली तर ती स्टिक परत करायची, एकदाच आली म्हणून सोडून द्यायचं नाही. खराब रॅम मशीन बंद पाडते तेव्हा परवडतं, पण कधी कधी ती मशीन बंद न पाडता फाइलमधला एखादा आकडा चुकीचा लिहून ठेवते, आणि तुमच्याकडं तर लोकांच्या करांचे आकडे आहेत. ह्या टेस्टला माझ्या लेखी माफी नाही.

दुसऱ्या कुणाकडं असलंच छोटं मशीन असेल तर थोडं वेगळं. लेनोव्होचं एम७२०क्यू आणि एचपीचे मिनी जवळपास असेच आहेत, दोन स्लॉट, लॅपटॉपची डीडीआर४. इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनच्या (पिढीच्या) प्रोसेसरचं मशीन असेल तर रॅमला पैसे घालायच्या आधी विचार करा, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, बँकेची-पोर्टलची कामं त्यावर किती दिवस करणार हा प्रश्न आहे, लिनक्स वापरणार असाल तर खुशाल घाला. चौथ्या जनरेशनच्या डीडीआर३ वाल्यांना एका स्लॉटला ८ च्या वर चालत नाही. इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाले नवे स्वस्त मिनी पीसी एकाच चॅनेलचे असतात आणि काहींत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, घ्यायच्या आधीच विचारा. मॅक मिनीमध्ये २०१२ चं खालचं झाकण फिरवलं की रॅम समोर, २०१४ मध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली, २०१८ मध्ये बदलता येते पण जवळपास सगळा बोर्ड बाहेर काढावा लागतो, आणि २०२० च्या एम१ पासनं पुढं प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच असते, तिथं विषयच संपला.

ताई, तुमच्या मशीनमध्ये अडीच इंची हार्ड डिस्क आहे, त्याच जागी तेवढ्याच आकाराचा साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी बसतो. रॅमसाठी झाकण उघडाल तेव्हा त्या ट्रेचाही फोटो काढून ठेवा, पुढच्या महिन्यात एसएसडी घ्यायचा ठरला तर तोच फोटो दुकानात दाखवता येईल.